श्वास मोजणारी लहर

जून २०२३ मधली नागपूरची बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फारूकनगर भागातली तीन लहान मुलं, वयं चार ते सहा वर्षं, शनिवारी खेळायला म्हणून घराबाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत तक्रार झाली, कुणी पळवून नेलं की काय अशी शंका आली. दुसऱ्या दिवशी ती सापडली, घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत. खेळता खेळता आत शिरली असावीत, दार लागलं असावं आणि चिमुकल्या हातांना ते उघडलं नसावं. वस्ती गजबजलेली. त्या गाडीच्या शेजारून त्या दिवशी किती माणसं गेली असतील, याचा हिशेब मी मनात करू पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

माझा एक भाचा पुण्यात मोटारींना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांचं काम करतो. या बातमीविषयी बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, आता गाडीच्या छतात रडार बसवतात. आत कुणाचा श्वास चालू असेल तर त्याला कळतं." मला खरं वाटेना. रडार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते टेकडीवरची भलीमोठी फिरती जाळी, शत्रूची विमानं आणि भोंगा. ते मोटारीच्या छतात मावलं कसं आणि विमानं सोडून लेकराचा श्वास कशाला शोधू लागलं? मी काही विज्ञानाचा माणूस नाही, शब्दांशी खेळणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगावासा वाटतो.

जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं हाइनरिश हर्ट्झनं १८८७-८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या आणि आरशावरून प्रकाश परतावा तशा त्या धातूच्या पत्र्यावरून परततात, हेही दाखवून दिलं. रडारचं सगळं शास्त्र या परतण्यात आहे. लहर पाठवायची, ती कशावर तरी आपटून परत येते, त्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ताडायचं. हा शब्द इंग्रजीत लिहिला तर उलटा वाचला काय आणि सुलटा वाचला काय, एकच राहतो. अमेरिकी नौदलानं १९४० मध्ये तो रूढ केला, तेव्हा ही गंमत त्यांच्या ध्यानात होती की नाही कोण जाणे.

हर्ट्झच्या लहरी लांब होत्या. त्या बारीक केल्या आपल्या कलकत्त्यात, जगदीशचंद्र बोसांनी. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार केल्या. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. अदृश्य लहरी भिंतींपलीकडे गेल्या, तिथं घंटा वाजली, दारूचा छोटा स्फोट झाला. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी बसले होते आणि लहरी त्यांच्या देशदेहातून नव्हे, पण त्यांच्या भरदार देहातून आरपार गेल्या, असं वर्णन नेहमी केलं जातं. पाच मिलिमीटरच्या लहरी काही माणसातून आरपार जात नाहीत, कातडीवरच अडतात आणि बऱ्याचशा तिथूनच परततात. तेव्हा त्या दिवशीच्या लहरी लांब असतील, किंवा साहेबांना वळसा घालून गेल्या असतील. मात्र कातडीवरून परतण्याचा हा गुण लक्षात ठेवा, पुढं तोच कामाला येणार आहे.

लहर परत येते तर तिचा उपयोग करावा, हे पहिल्यांदा ज्याला सुचलं तो बावीस वर्षांचा जर्मन तरुण होता. ख्रिश्चन ह्युल्समायर त्याचं नाव. धुक्यात दोन जहाजांची टक्कर होऊन एका बाईचा मुलगा गेला, तिचा शोक त्यानं पाहिला आणि तेव्हापासून धुक्यातही समोरचं जहाज कळेल असं यंत्र करायचं त्याच्या मनानं घेतलं, असं सांगतात. मे १९०४ मध्ये कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवरच्या पुलावर त्यानं आपला 'टेलिमोबिलोस्कोप' मांडला. नदीतून बोट जवळ येऊ लागली की यंत्रातली घंटा वाजायची, बोट गेली की थांबायची. पुढच्याच महिन्यात रॉटरडॅमच्या बंदरात त्यानं ते जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींना दाखवलं. कौतुक झालं, वर्तमानपत्रांत छापून आलं, पण विकत कुणी घेतलं नाही. बिचारा दुसऱ्या धंद्याला लागला. रडारची कथा नेहमी युद्धापासून सांगतात. मला मात्र ती त्या नाव नसलेल्या आईपासून सांगावीशी वाटते.

त्यानंतर तीस वर्षांनी युद्ध आलंच. १९३५ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या हवाई खात्याला काळजी पडली होती जर्मन बॉम्बर विमानांची. रेडिओलहरींचा 'मृत्यूकिरण' करून वैमानिकाला आकाशातच भाजता येईल का, असा प्रश्न त्यांनी रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञाला विचारला. त्यानं तो आपला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स याच्याकडे सोपवला, तोही मोठ्या खुबीनं. अमुक अंतरावरचं आठ पाइंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांवर न्यायला रेडिओची किती शक्ती लागेल, एवढंच गणित त्यानं घातलं. विल्किन्सनं लगेच ओळखलं की हे पाणी नाही, माणसाचं रक्त आहे. उत्तर आलं, अशक्य. पण विमानं जवळून गेली की रेडिओच्या संदेशात खरखर येते, अशी टपाल खात्याच्या लोकांची नोंद विल्किन्सला आठवत होती. मारता येत नसेल तर निदान हुडकता येईल, असं त्यानं सुचवलं.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी हा प्रयोग झाला आणि त्यासाठी वापरलं गेलं बीबीसीचं डॅव्हेंट्रीचं प्रक्षेपण केंद्र. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटू द्या. प्रक्षेपण नेहमीचंच, लहर ४९ मीटरच्या पट्ट्यातली. एका शेतात मोटारव्हॅन उभी करून आत वॉटसन-वॉट, विल्किन्स आणि हवाई खात्याचे रो बसले होते. हेफर्ड जातीचं बॉम्बर विमान वरून ये-जा करू लागलं. त्याच्या पंखांचा पसारा साधारण अर्ध्या लहरीएवढा, म्हणजे प्रतिध्वनीला अगदी सोयीचा. व्हॅनमधल्या पडद्यावरची हिरवी रेघ लांबू-आखडू लागली आणि आठ मैलांपर्यंत विमानाचा माग लागला. उभ्या व्हॅनमध्ये माणसं बसली होती आणि आकाशातलं विमान पाहत होती. व्हॅनमधल्याच माणसांना पाहणारं रडार यायला आणखी पाऊणशेहून अधिक वर्षं जायची होती.

मधल्या काळात रडार आकाशातून रस्त्यावर उतरलं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी इथं १९४७ मध्ये पोलिसांनी मोटारींचा वेग रडारनं मोजायला सुरुवात केली. फलाटावरून शिट्टी वाजवत निघून जाणाऱ्या आगगाडीचा सूर कसा बदलतो, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. हा परिणाम ख्रिश्चन डॉप्लरनं १८४२ मध्ये मांडला होता. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीचाही सूर असाच बदलतो. गंमत म्हणजे, पुढं कॅनडात भरधाव मोटार चालवताना अशाच रडारनं खुद्द वॉटसन-वॉट पकडले गेले. त्यांनी दंड भरला आणि त्यावर एक विनोदी कविता लिहिली. दंडाची पावती पाहून कविता सुचणारा शास्त्रज्ञ मला तरी भावासारखा वाटतो.

डॉप्लरचं हेच तत्त्व मोटारीऐवजी माणसाच्या छातीला लावलं तर? छाती वरखाली होते म्हणजे तीही हलणारी वस्तूच की. विमान हुडकणाऱ्यांना असली बारीक हालचाल म्हणजे कचरा, गाळून टाकायची गोष्ट. अमेरिकेतल्या जेम्स लिन यांनी १९७५ मध्ये माणसाला आणि प्राण्यांना हातही न लावता, सूक्ष्मलहरींनी त्यांचा श्वास मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात कुन-मू चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडथळ्यापलीकडच्या माणसाचा श्वास आणि हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र केलं. जॉर्जिया टेकमध्ये जीन ग्रेनेकर यांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानं तिरंदाज आणि नेमबाज यांचे ठोके दुरून टिपणारं रडार तयार केलं. पुढं त्याच धर्तीवर दाराआडचा माणूस ओळखणारी, हातात धरायची 'रडार बॅटरी' निघाली. एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात चौतारा गावी 'नासा'च्या फाइंडर या यंत्रानं ढिगाऱ्याखालच्या ठोक्यांचा सुगावा लावला आणि दहा फुटांपर्यंतच्या विटामातीखालून चार माणसं जिवंत निघाली.

श्वासाला आमच्या घरी दम म्हणायचे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीनं इतका आपलासा केला आहे की तो बाहेरचा आहे हे सांगावं लागतं. दम धरा, दमानं घ्या, एका दमात सांग. बेदम मारलं म्हणतो तेव्हा दम उरला नाही असंच आपण म्हणत असतो. तर या दमाचं माप किती? श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते. हृदयाच्या ठोक्यानं कातडी हलते ती एका मिलिमीटरचा काही भाग एवढीच. ४९ मीटरच्या लहरीला हे काय समजणार? पण लहरच पाच मिलिमीटरची असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीनं जाण्यायेण्याचा रस्ता एक मिलिमीटरनं बदलतो, म्हणजे लहरीचा पाचवा हिस्सा. तेवढा फरक आजची चिप सहज टिपते.

पाच मिलिमीटर म्हणजे ६० गिगाहर्ट्झ. बोसांची लहर! शंभर वर्षं या पट्ट्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही, कारण ती लांब जात नाही. हवेतला प्राणवायू तिला गिळतो. दूरच्या संदेशवहनाला निरुपयोगी म्हणून मोकळा राहिलेला हा पट्टा चारपाच फुटांच्या मोटारीत मात्र उत्तम चालतो; तेवढ्या अंतरात प्राणवायू तिचं काही बिघडवत नाही. प्राणवायू जिला अडवतो त्याच लहरीनं प्राण शोधायचा, असला श्लेष मी कवितेत केला असता तर संपादकांनी बहुधा कापला असता. आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ हा फोन काढला, त्यात हाताच्या खुणा ओळखणारं याच पट्ट्यातलं छोटं रडार होतं. तो फोन भारतात विकायला आलाच नाही, कारण इथं या पट्ट्याच्या तशा वापराला परवानगी नव्हती. ज्या देशात ही लहर जन्मली तिथंच तिला दार बंद!

आता मोटारीकडे वळू. बंद मोटारीत मुलं गुदमरण्याची मोजदाद सगळ्यात काटेकोर झाली ती अमेरिकेत. हवामानतज्ज्ञ जॅन नल यांनी १९९८ पासून ठेवलेल्या नोंदींत असे एक हजारावर बालमृत्यू आहेत, वर्षाला सरासरी सदतीसच्या आसपास. त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं गाडीत चक्क विसरली गेली होती. सुमारे पाव हिस्सा मुलं नागपूरसारखी आपणच आत शिरली होती. २००५ मध्ये नल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गाडीतला पारा मोजला. जितका तो चढतो, त्यातला ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच चढतो आणि काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं.

'विसरली' हा शब्द ऐकून राग येतो. मलाही आला होता. पण याच्या मुळाशी एक चमत्कारिक गोष्ट आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढच्या सीटसमोर एअरबॅग आल्या. मोठ्यांना वाचवणाऱ्या त्या पिशव्यांच्या धडकेनं शंभराहून अधिक लहान मुलं दगावली. मग सांगण्यात आलं, मुलांना मागं बसवा, तान्ह्याचं तोंड पाठीकडे करा. सल्ला बरोबरच होता, त्यानं पुष्कळ जीव वाचले. पण मूल नजरेआड गेलं. झोपलेलं, आवाज न करणारं, आईबापांना पाठमोऱ्या पाळण्यात. जीन वाइनगार्टन या पत्रकारानं २००९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये अशा आईबापांवर लेख लिहिला, त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यातल्या आईबापांत दंतवैद्य आहे, पोलीस आहे, मुलांचा डॉक्टरसुद्धा आहे. रोजच्या रस्त्यानं गाडी हाकताना सवयीची स्मृती ताबा घेते आणि 'आज मूल पाळणाघरात सोडायचंय' ही नवी आठवण ती दाबून टाकते, असं स्मृतीचे अभ्यासक डेव्हिड डायमंड सांगतात. ज्याच्या हातून हे घडलं त्याच्या डोक्यात अनेकदा मूल सोडल्याची खोटी आठवणही तयार असते. माया कमी पडली म्हणून हे होत नाही.

म्हणून यंत्राचा शोध सुरू झाला. सीटखाली वजनाचा काटा ठेवावा, तर त्याला पिशवी आणि पोर यांतला फरक कळेना. कॅमेऱ्याला पांघरुणाखालचं दिसेना. अल्ट्रासाउंडला हालचाल हवी आणि गाढ झोपलेलं तान्हं हलत नाही. रडारची लहर मात्र पांघरुणातून, पाळण्याच्या प्लॅस्टिकमधून जाते आणि कातडीवरून परतते. नवजात मूल मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २० वेळा. यावरूनही ओळख पटवायला मदत होते. अडचणी आहेतच. शेजारून ट्रक गेला की उभी गाडी हलते. बाटलीतलं पाणी हलतं. आणि गाडी धावत असेल तर काही विचारूच नका, खड्ड्यांच्या गदारोळात एका छातीची हालचाल वेगळी काढणं म्हणजे वरातीच्या बँडमध्ये कुजबुज ऐकणं. म्हणून चालत्या गाडीत रडार बहुधा कुठल्या सीटवर कोण बसलं आहे, पट्टा कुणी लावायचा राहिला आहे एवढं बघतं; श्वासाचं बारीक काम गाडी थांबल्यावर.

भाच्यानं मला ते टेबलावर मांडून दाखवलं. नखाएवढी चिप, बाजूला लॅपटॉप. मी खुर्चीत बसलो आणि पडद्यावर माझ्या श्वासाची लाट सावकाश वरखाली होऊ लागली. तो म्हणाला, "मामू, दम रोखा." मी रोखला. लाट सपाट झाली, पण पुरती नाही. तिच्यावर बारीक बारीक सुरकुत्या तशाच धावत राहिल्या. "ते ठोके," तो म्हणाला.

कोरियाच्या जेनेसिस कंपनीनं २०२० च्या अखेरीस आणलेल्या जीव्ही७० या गाडीत मागच्या सीटवर नजर ठेवणारं रडार दिलं. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा रडारना सवलती मिळाल्या, २०२३ मध्ये नियमच सैल झाला. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं २०२३ पासून गाडीत राहिलेलं मूल ओळखण्यासाठी गुण ठेवले आणि २०२५ पासून प्रत्यक्ष मूल ओळखणाऱ्या यंत्रणेलाच गुण द्यायचं ठरवलं. 'मागचं दार उघडलं होतं, बघा बरं' असं नुसतं सुचवणं पुरेसं राहिलं नाही. इटलीनं तर २०१९ मध्येच चार वर्षांखालच्या मुलांसाठी गाडीत आठवण देणारं साधन सक्तीचं केलं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला अस्वस्थ करते. जून २००० मध्ये इंग्लंडमधल्या डोव्हर बंदरात टोमॅटोंच्या ट्रकमध्ये ५८ चिनी माणसं गुदमरून मेलेली आढळली. साठांपैकी दोघं वाचली. ट्रकची हवेची झडप बंद केलेली होती. त्या काळापासून खाडीकाठच्या बंदरांवर ट्रकमध्ये लपलेली माणसं शोधायची यंत्रं वाढली. त्यांतली पुष्कळशी रडार नव्हेत, कारण पत्र्याच्या पेटीतून लहर आत जात नाही. आतल्या ठोक्यांनी ट्रकचा सांगाडा हलतो तो कंप टिपणारी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगणारी, ताडपत्रीतून देहाची ऊब पाहणारी ती यंत्रं. ती माणसाला वाचवण्यासाठी शोधतात की परत पाठवण्यासाठी? दोन्हींसाठी, आणि ठोका तोच असतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी पोलिसांनी एका घराच्या भिंतीतून रडारनं माणूस आत असल्याचं ताडलं. प्रकरण अपील न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायमूर्ती नील गोरसच यांनी पोलिसांची कारवाई इतर पुराव्यांवर ग्राह्य धरली, पण वॉरंटाशिवाय असं यंत्र वापरण्यानं गंभीर प्रश्न उभे राहतात असंही बजावलं. मोटारीतलं रडारही उद्या कोण कुठं, कुणाबरोबर बसलं होतं हे सांगू शकेल. ती माहिती गाडीतच राहावी, कंपनीकडे जाऊ नये, हे आत्ताच मागून घेतलेलं बरं.

तरीही मी त्या रडारच्या बाजूनं आहे. बंद गाडीतही ठरावीक वेळानं जागं होऊन आत कुणी आहे का हे बघायला त्याला शिकवता येतं. बॅटरी थोडी खर्च होते इतकंच. श्वास सापडला तर भोंगा वाजेल, मालकाच्या फोनवर निरोप जाईल. पण आपल्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत, काही तर कित्येक महिने हललेल्या नाहीत. त्यांत कुणी रडार बसवायला येणार नाही. तोवर उभ्या गाडीला कुलूप घालावं, दारात घातली तरी घालावं आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. अमेरिकेत आईबापांना सांगतात, आपली पर्स किंवा डाव्या पायातला बूट मूल बसलं आहे त्या मागच्या सीटवर ठेवा, म्हणजे उतरताना मागं वळावंच लागेल. आणि मूल दिसेनासं झालं तर आधी जवळपासचं पाणी बघा, मग लगेच आसपासच्या सगळ्या उभ्या गाड्या, डिकीसुद्धा उघडून.